हळकुंडांची पलटण

साताऱ्याहून कर्नलसाहेब दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं सांगलीला यायचे होते, आणि आमच्या लाल फौजेतले चौतीस शिपाई मी आदल्या संध्याकाळी कृष्णेत सोडून आलो होतो. शिपाई मातीचे होते, बोटभर उंचीचे.

मी मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि पावसाळ्यात तर बंद पडे. दोनदा पटावरून नाव कमी झालं, तिसऱ्या वर्षी मीच गेलो नाही. शेती केली, लग्न झालं, मग महायुद्धात भरती झालो आणि फौजेनं मला इटलीपर्यंत नेलं. तिथं ज्या कॅप्टनसाहेबांचा मी ऑर्डर्ली होतो, ते सांगलीचे. एका सकाळी ओढ्याच्या काठानं पुढं सरकताना त्यांनी मला वायरलेसवाल्याला बोलवायला मागं पाठवलं. पन्नास पावलं गेलो असेन नसेन, तोच सुरुंग फुटला. आमच्यातले सहा जण जागीच गेले. साहेबांचे दोन्ही डोळे गेले. माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता.

युद्ध संपल्यावर मी घरी गेलो. चार वर्षांची मुलगी मला बघून आईच्या मागं लपली. पंधरा दिवस राहिलो आणि म्हटलं, साहेबांना एकदा भेटून येतो. ते भेटणं लांबत लांबत वर्षावर गेलं. बायको गावच्या मास्तरांकडून पत्रं लिहून पाठवी, 'कधी येता?' मी लिही, 'साहेबांचं मार्गी लागलं की येतो.' ते खरंच होतं. मला मागं पाठवलं नसतं, तर ते पत्र लिहायला मी नसतोच.

साहेबांच्या घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. आईंना मी काकू म्हणत असे. वडील हळदीचे व्यापारी होते. ते गेल्यावर व्यापार चुलत्यांकडे गेला, पण पडवीत हळकुंडांचं एक पोतं कायम असे आणि सगळ्या घराला त्याचा वास होता. साहेब आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. दिलं तर जेवत, उठवलं तर उठत. काकू दारात उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत आणि परत जात.

मग कळलं की साताऱ्यात एक निवृत्त कर्नल शाळा काढतायत. आपल्या भागात घरटी एकेक माणूस फौजेत, पण सगळे शिपाई, फार तर सुभेदार. त्यांच्या मुलांना अधिकारी होण्यासाठी तयार करायचं, असा त्यांचा बेत होता, आणि लढायांचा इतिहास शिकवायला त्यांना माणूस हवा होता. साहेबांनी सांगितलं, मी माझ्या चौथीच्या अक्षरात पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'आंधळा माणूस रणांगण कसं शिकवणार, हे मला डोळ्यांनी बघावं लागेल.' मी वाचताना 'आंधळा' हा शब्द गिळायला बघत होतो. साहेब म्हणाले, "वाच की नीट. आंधळाच लिहिलंय ना?"

"होय, साहेब."

"मग बघू देत डोळ्यांनी. मी त्यांच्याशी एक लढाई खेळतो." मग म्हणाले, "हे जमलं नाही, तर मी त्या खोलीतून परत उठायचा नाही. आईला सांगू नको."

मला कशाची काळजी वाटत होती, हे आता लक्षात येईल.

लढाई त्यांनी निवडली ती सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, युरोपातली. दवाखान्यात पडून असताना एका नर्सनं त्यांना त्या काळच्या लढायांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं, ते त्यांना जवळजवळ पाठ होतं. मधे ओढा, ओढ्याला दलदल, दोन टोकांना दोन गावं. अलीकडे लाल कोटवाले, पलीकडे पांढरे कोटवाले. त्या काळी बंदूक एकदा उडाली की परत भरायला इतका वेळ लागे की एकट्यादुकट्याला काही अर्थच नसे. म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून, नगाऱ्याच्या तालावर, ओळीनं चालत जात. आणि ओळीनंच पडत.

आम्ही जुन्या दाराची फळी दोन घडवंच्यांवर ठेवली, तिच्यावर नदीची वाळू पसरली. ओढ्याच्या जागी जाड सुतळी, गावांच्या जागी काडेपेट्या, म्हणजे साहेबांच्या बोटांना लागाव्यात. अंतर मोजायला गाठी मारलेली दोरी: पायदळाला एक गाठ, घोडदळाला दोन. गोळी लागली की नाही, ते सहा कवड्या टाकून ठरवायचं. जितक्या उताण्या पडतील, तितके शिपाई मेले. कवड्या साहेब स्वतः चाचपून मोजत. बाकी सगळं हलवायचं काम माझं. "माझे हात तू," ते म्हणाले. "हुकूम आला तेवढंच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

शिपाई करायला कुंडलहून येऊन सांगलीत राहिलेला एक कुंभार सापडला. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांसाठी तो मावळे करी. साहेबांनी त्याला या शिपायांचा पोशाख समजावून सांगितला, तेव्हा तो डोकं खाजवत बसला.

"आवं सायेब, टोपीला तीन कोपरं? म्हंजी डोस्क्यावर करंजी ठिवायची व्हय?"

"तसंच समज."

"आन मिशा?"

"मिशा नाहीत."

"बिनमिशांचं लडाय करत्यात?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "बरं. आपल्याला काय."

आठ दिवसांनी तो टोपली घेऊन आला. लाल गेरूनं रंगवलेले नव्वद, चुन्यानं रंगवलेले नव्वद, काही पायी, काही घोड्यावर. प्रत्येकाच्या डोक्यावर खरंच करंजी. दोन्हीकडचे सेनापती मात्र वीतभर उंच, बाकीचे त्यांच्या गुडघ्याला.

"हा एवढा मोठा का रे?" मी विचारलं.

"सरदार हाय न्हवं? शिपायायेवढाच केला तर वळखायचा कसा?"

साहेबांनी त्या सेनापतीवरून हात फिरवला आणि हसले. त्या घरात मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. आतून भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे काकूंनीही ऐकलं असणार.

"पण हे कच्चेच आहेत," मी म्हटलं. "भाजले नाहीस?"

"भाजायचं कशाला, गड्या? मरायलाच निघाल्यात न्हवं?"

साहेबांनी सेनापती खाली ठेवला. कुंभारालाही जाणवलं असावं. "मोडलं तर आनखी करून दीन," म्हणून तो निघून गेला.

महिनाभर आम्ही रोज सकाळी लढलो. सुरुवातीला साहेब लाल फौजेवर दोन्ही हात फिरवून हजेरी घेत, टोकापासून टोकापर्यंत, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसत्या आठवणीनं हुकूम देत. "डाव्या बगलेची दुसरी ओळ, एक गाठ पुढं." मी हलवी. "घोडदळाची तिसरी तुकडी अजून ओढ्यामागंच आहे ना?" "होय, साहेब." कधी चुकत नसत. पांढरी फौज मी चालवी, पण तीही त्यांच्याच सांगण्यावरून. मेलेले शिपाई मी एका टोपलीत काढून ठेवी. लढाई संपली की साहेब विचारत, "आपले किती?" मी आकडा सांगे.

ती टोपली मी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या ओट्यावर ठेवत असे. दुसरी जागा नव्हती. माझ्या लक्षात आलं नाही की काकू रोज तिला वळसा घालून जातात.

कर्नलसाहेब यायच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम झाली. लाल फौजेची डावी बगल कापली गेली. घोडदळ दलदलीत लवकर घुसलं होतं. "आपले किती?" साहेबांनी विचारलं. "चौतीस." "बरं. उद्या घोडदळाला थांबवायचं," म्हणून ते आडवे झाले. पांढरे मेलेले मी खोक्यात परत ठेवले. लाल टोपलीतच होते, बरेच तुटलेले, काही धड. संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं.

"हे बघ," त्या हळू म्हणाल्या, "महिना झाला, मी काही बोलले नाही. रोज सकाळी माझा मुलगा ओरडून विचारतो, आपले किती मेले, आणि तू सांगतोस, आणि ते ओट्यावर येऊन पडतात. दारात मढं असताना कुणी चूल पेटवत नाही रे. मी रोज पेटवते."

"काकू, मातीचे आहेत ते."

"माहीत आहे मला मातीचे आहेत. मातीचं तुटलं की आपण घरात ठेवतो का? कृष्णेत सोडून ये."

मी म्हणू शकलो असतो, उद्या झाल्यावर सोडतो. म्हणालो नाही. त्यांचं ऐकलं असंही नाही खरं तर. मनातून मलाही ते हवंच होतं.

इटलीतल्या त्या ओढ्याकाठी आमचे सहा जण गेले, त्यांना आम्ही चिखलात घाईघाईनं पुरलं. आमच्यापैकी कुणाला मंत्र येत नव्हते, लाकूड मिळणं शक्य नव्हतं, आणि वरून तोफा चालू होत्या. त्यातला एक कोकणातला, माझ्या शेजारच्या गावचा, दोन आष्ट्याकडचे, एक लोणंदच्या बाजूचा, दोन खाली बेळगावाकडचे. नावं इथं लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं आहेत अजून. त्यांना पाणी मिळालं नाही, हे माझ्या छातीवर होतं, आणि ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

घाटाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. ऊन कलत होतं. टोपली उपडी करायचं मनात होतं, पण हात झाला नाही. एकेक शिपाई ओंजळीत घेऊन पाण्याखाली धरला. कच्ची माती, लगेच मऊ पडे. गेरूचा लाल धूर पाण्यात पसरे आणि हातात काही उरत नसे. पहिल्या सहांना मी नावं घेऊन सोडलं. मग इतरांची आठवली, दवाखान्यात गेलेल्यांची, बोटीवर गेलेल्यांची. मोडलेले संपले तेव्हा धड असलेलेही तसेच सोडले. एका वेळी वाटलं, आता थांबावं, हे उद्या लागतील. पण निम्म्यांना सोडून निम्म्यांना परत न्यायचं, हे माझ्याच्यानं होईना.

मनात होतं, कुंभार रात्रीतून करून देईल. तसाच ओल्या धोतरानं त्याच्याकडं गेलो.

"चौतीस? उद्या दुपारपातूर?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "आरं, वल्या मातीचा शिपाई हुबा ऱ्हातो व्हय? हात लावशील तर बसंल खाली. दोन दिस वाळाय पायजेत. आन आभाळ बघितलंस का?"

आभाळ भरून आलं होतं.

त्या रात्री मी साहेबांना सांगायला हवं होतं. खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत ते अंथरुणावर बसून स्वतःशीच हुकूम म्हणत होते, "डावी बगल, दुसरी ओळ." मी परत फिरलो.

सकाळी मला पडवीतलं पोतं दिसलं. बोटाएवढी, सरळ बघून चौतीस हळकुंडं काढली आणि वाळूत डाव्या बगलेच्या जागी उभी रोवली. पायदळाची बावीस, घोडदळाची बारा. लांबून बघितलं तर नुसतं पिवळं कुंपण.

कर्नलसाहेब आले ते ताठ, पांढऱ्या मिशांचे, हातात छडी. चहा घेतानाच त्यांनी पुसलं, "शिपाई कुणी केले? हा सेनापती भलताच वाढलाय की." मग फळीजवळ गेले, डाव्या बगलेकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. मी हात जोडले. ते खुर्ची ओढून समोर बसले.

साहेब हजेरी घ्यायला बसले. उजवी बगल, मधली फौज, मोठा सेनापती. बोटं डावीकडं सरकू लागली. पहिल्या हळकुंडाला बोट लागलं आणि थांबलं. दुसऱ्याला लागलं. मग त्यांनी हात नाकाशी नेला.

"हे काय?"

"हळकुंडं, साहेब."

"माझी माणसं कुठायत?"

खोटं सुचलंच नाही. "कालचे मेलेले मी कृष्णेत सोडले, साहेब."

कर्नलसाहेब मोठ्यानं हसले. "कॅप्टन, तुमच्या ऑर्डर्लीला खेळ कुठं संपतो ते कळत नाही! उद्या मुलांसमोर हा श्राद्ध घालत बसेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. "सगळे एकदम?"

"नाही, साहेब. एकेक."

"नावं घेतलीस?"

त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. "घेतली."

"सहाही?"

"सहाही."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. कर्नलसाहेबांचं हसू उतरलं होतं. त्यांनी छडी भिंतीला टेकवून ठेवली.

"आणि पांढरे?" साहेबांनी विचारलं.

"ते नाही सोडले. ते खोक्यात आहेत."

"पुढच्या वेळी त्यांनाही सोड." मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. "सर, माझी डावी बगल आज हळकुंडांची आहे. आपण सुरुवात करा."

लढाई दोन तास चालली. कर्नलसाहेब कसलेले होते. त्यांनी पहिल्यापासून डाव्या बगलेवरच दाब ठेवला. पण एक गंमत झाली, म्हणजे मला ती गंमत वाटायला दिवस जावे लागले. हळकुंडं सगळी सारखीच. कुठलं पायदळ, कुठलं घोडदळ, हे डोळ्यांना कळेना. एकदा हलली की मलाही कळेना.

"हे घोडदळ का?" कर्नलसाहेब पुसत.

"कुठलं, सर?"

"ओढ्याजवळचं. पुढचं."

"गावापासून तीन गाठींवर? ते पायदळ. पहिल्या ओळीतले उरलेले पाच. घोडदळ त्यांच्या मागं, दलदलीच्या अलीकडं, नऊ."

कर्नलसाहेबांनी मोजली. पाच आणि नऊ. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम फिरवून विचारलं, आधी उजवं, मग मधलं, मग परत डावं. साहेबांनी प्रत्येक वेळी सांगितलं, किती उभे, किती पडले, कुणाच्या बंदुका भरलेल्या, कुणाच्या रिकाम्या. शेवटी शेवटी तर कर्नलसाहेब आपल्याच पांढऱ्या शिपायांबद्दल त्यांना विचारत होते.

कवड्या त्या दिवशी आमच्याकडं फिरल्या नाहीत. डावी बगल पुन्हा कापली गेली, चौतिसातली सव्वीस पडली. पण घोडदळाला साहेबांनी थांबवून धरलं होतं, आणि उरलेल्या आठांच्या आड मधली लाल फौज ओढा ओलांडून पलीकडं गेली. पांढऱ्यांची ओळ मधे फुटली. कर्नलसाहेबांनी आपला वीतभर सेनापती उचलला आणि वाळूत आडवा ठेवला.

"चौथ्या चालीला माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुम्हाला दिसली होती?"

"दिसली, सर," साहेब म्हणाले.

स्टेशनकडं निघताना कर्नलसाहेबांनी उंबऱ्यात छडी टेकून सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून या. याला घेऊन या." मग माझ्याकडं वळले. "तुझ्या घरचं कोण आहे?"

"बायको, मुलगी. कोकणात."

"त्यांना आण. शाळेमागं एक खोली आहे."

मी सलाम ठोकला.

साहेब आतल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं अंथरूण घेऊन बाहेर आले. पुढच्या पडवीत, रस्त्याकडं तोंड करून बसले. काकूंनी वाळूतून पडलेली हळकुंडं वेचली, मोजली आणि मला विचारलं, "उभी राहिलेली आठ कुठली?" मी दाखवली. त्यांनी सगळी एकाच बरणीत भरली. पोत्यात परत टाकली नाहीत, कधी कुटलीही नाहीत. साताऱ्याला जाताना ती बरणी काकूंनी माझ्या हातात दिली.

कुंभारानं पुढं आणखी शिपाई करून दिले, कच्चेच. सहामाहीच्या शेवटी तुटलेले सगळे, लाल आणि पांढरे, मी माहुलीच्या संगमावर नेऊन सोडत असे. मुलं बरोबर यायची, माझी मुलगीही, सुरुवातीला खिदळायची, मग गप्प व्हायची. डावी बगल मात्र हळकुंडांचीच राहिली. नवीन मुलगा आला की विचारी, "सर, हे असे का?" साहेब म्हणत, "ती पलटण जुनी आहे. हात लाव, ओळखशील."

तास संपला की त्यांची बोटं पिवळी झालेली असत. मी तांब्या घेऊन उभा राही. ते म्हणत, "राहू दे," आणि तसेच जेवायला बसत.